‘हे म्हणणे खरे नाही की…’ : उलटतपासणीची संहिता आणि बचावाचे स्थान

निवेदकाचा प्रश्न मराठी समीक्षेने कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला आहे. प्रथमपुरुषी निवेदनात बोलणारा कोण, त्याच्या वाणीत दुसऱ्याची वाणी कशी मिसळते, हे बाख्तीनच्या आधारे तपासण्याचे प्रयत्नही झाले. परंतु ज्या प्रथमपुरुषी संहितेवर माणसाचे स्वातंत्र्य आणि बाईची पत अवलंबून असते, त्या सत्र न्यायालयात नोंदवलेल्या साक्षीकडे या मीमांसेचे फारसे लक्ष गेलेले नाही. धाराशिवच्या (२०२३ पर्यंत अधिकृत नाव उस्मानाबाद) जिल्हा व सत्र न्यायालयातील असो की राज्यातील अन्य कुठल्या, लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यातील फिर्यादी स्त्रीची साक्ष वाचू लागले की उलटतपासणीच्या भागात एक ठरावीक वाक्यबंध पुनःपुन्हा भेटतो : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीबरोबर स्वखुशीने गेले होते. हे म्हणणे खरे नाही की, घरच्यांच्या धाकाने मी खोटी फिर्याद दिली.’

या वाक्यांचा कर्ता कोण? व्याकरणाने ती स्त्री. आशयाने बचाव पक्षाचा वकील. लेखनाने न्यायाधीश, कारण साक्ष त्याच्या सांगण्यावरून उतरवली जाते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ प्रमाणे सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः कथनाच्या स्वरूपात लिहावयाची असते. तिचा एखादा भाग प्रश्नोत्तररूपाने घेणे न्यायाधीशाच्या मर्जीवर असते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही पद्धत कायम आहे. ‘तुम्ही आपणहून गेलात ना?’ असा वकिलाचा प्रश्न आणि ‘नाही’ हे एका शब्दाचे उत्तर. नोंदीत प्रश्न गळतो, विचारणारा गळतो आणि उरते ते स्त्रीच्या ‘मी’ने सुरू होणारे पूर्ण वाक्य. नकाराचे दोन-तीन शब्द आरंभी आहेत म्हणून ते तिच्या बाजूचे. त्या शब्दांपलीकडची सगळी गोष्ट वकिलाची, पण बोलते मात्र तिच्या तोंडून. कथनमीमांसेला इतका शुद्ध द्विस्वरी निवेदनाचा नमुना कादंबरीत क्वचितच सापडेल.

भाषेचा एक थर आणखी आहे. निजामाच्या राजवटीत या जिल्ह्यातील न्यायालयांची भाषा उर्दू होती. दुय्यम न्यायालयांत मराठीचा वापर व्हावा यासाठी शासनाने १९९८ साली अधिसूचना काढली. त्यामुळे साक्षीदाराची आणि दप्तराची भाषा एक झाली असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. तुळजापूर वा परंडा तालुक्यातील बाई ‘वंगाळ काम केलं’ म्हणते, ‘इज्जत घेतली’ म्हणते, कित्येकदा क्रियापदाशीच थांबते. ठाण्यातील फिर्यादीत त्याचे ‘माझ्याशी शारीरिक संबंध ठेवले’ असे होते. ‘संबंध ठेवणे’ या मराठी प्रयोगात दोन बाजू, काही काळ आणि थोडा राजीखुशीचा रंग आधीच मिसळलेला आहे. मागाहून ‘जबरदस्तीने’ हे क्रियाविशेषण जोडले जाते खरे, पण क्रियापदाने जे मान्य करून टाकले ते क्रियाविशेषणाला परत घेता येत नाही. म्हणजे वकील उभा राहण्यापूर्वीच, फिर्यादी पक्षाच्याच कागदात, संमतीच्या गोष्टीचा पहिला शब्द लिहिला गेलेला असतो. या बाबीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच उलटतपासणीचा सगळा दोष वकिलाच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे पडली आहे.

ही सवय किती अपुरी आहे हे पाहण्यासाठी विदर्भातील एका खटल्याकडे जावे लागते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज (तेव्हाचा चंद्रपूर, आताचा गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा हा खटला. कायद्याच्या दप्तरात तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून, म्हणजे आरोपीच्या नावाने नोंदला आहे. चळवळीच्या आणि अभ्यासाच्या भाषेत मात्र तो त्या मुलीच्या नावाने रूढ झाला. पीडित स्त्रीची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम २२८-अ दंडसंहितेत आले ते १९८३ साली, आणि आले ते बहुतांशी याच खटल्याने पेटलेल्या आंदोलनामुळे. ज्या मुलीच्या प्रकरणातून हे संरक्षण निर्माण झाले तिला ते मिळाले नाही. म्हणून येथे त्यास देसाईगंज खटला असेच म्हटले आहे.

खटल्याचा प्रवास सर्वज्ञात आहे. १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकास बलात्काराबद्दल पाच वर्षांची व दुसऱ्यास विनयभंगाबद्दल एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून प्रतिकार नाही आणि प्रतिकार नाही म्हणून भय नाही, असा त्या निकालाचा युक्तिवाद होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने त्या युक्तिवादाचा जो समाचार घेतला तो सुपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही.

समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील निराळाच आहे आणि तो आजवरच्या चर्चेत काहीसा मागे पडला. सत्र न्यायालयात आरोपींचा बचाव काय होता? निव्वळ इन्कार. असे काही घडलेच नाही, एवढेच. हा इन्कार सत्र न्यायाधीशाने जसाच्या तसा स्वीकारला नाही. शरीरसंबंध झाला असावा, असे त्याने धरून चालले. मग ‘संबंध झाला, पण राजीखुशीने’ ही गोष्ट आली कोठून? ती न्यायाधीशाने स्वतः रचली. मुलगी धडधडीत खोटे बोलणारी आहे. तिला संभोगाची सवय आहे. बाहेर जमलेल्या लोकांत तिचा प्रियकर होता, त्याच्यासमोर शीलवती दिसावे म्हणून तिने बलात्काराचा आरोप केला, अशी पात्रे, हेतू, पार्श्वभूमी आणि कळसाचा प्रसंग असलेली सुघटित कथा निकालपत्रात अवतरली. बचावाच्या वकिलाने जे मांडले नव्हते ते न्यायासनाने पुरवले. वैद्यकीय तपासणीतील जुन्या खुणा आणि दोन बोटांच्या चाचणीचा निष्कर्ष यांनी त्या कथेला पुराव्याचा वेष दिला. (ही चाचणी अशास्त्रीय व अवमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये अधिक कठोर शब्दांत सांगितले.) मुलीचे वय वैद्यकीय अंदाजाने चौदा ते सोळा. सोळाखालील मुलीची संमती कायद्याने तेव्हाही संमती नव्हती. पण वय सिद्ध झाले नाही असे ठरले, आणि कथेला वाट मोकळी झाली.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे वाचन या तपशिलाच्या उजेडात पुन्हा करायला हवे. १९६७ साली रंगायनने ते रंगभूमीवर आणले, म्हणजे देसाईगंजच्या घटनेपूर्वी पाच वर्षे. मध्यमवर्गीय ढोंग, पुरुषी समूहाची हिंसा, एकाकी स्त्रीची शिकार या सूत्रांभोवती त्याची समीक्षा फिरत राहिली. ती सूत्रे चुकीची नाहीत. परंतु नाटककाराने न्यायालयाची जी यंत्रणा निवडली ती केवळ रूपक म्हणून पाहिली गेली. तिच्या रचनेतील दोष कोणता, हे क्वचितच विचारले गेले. वास्तविक तेंडुलकरांनी तो दोष अगदी नेमका दाखवला आहे. नियोजित अभिरूप खटला अमेरिकेच्या अध्यक्षांवरील आहे. वेळ घालवण्यासाठी म्हणून बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. मंडळात वकील एकच, सुखात्मे. म्हणून फिर्यादीचा वकीलही तोच आणि आरोपीचा वकीलही तोच. फिर्यादीचे काम तो चवीने, सविस्तर करतो. बचावाची पाळी येते तेव्हा ती उपचारापुरती उरकली जाते, आणि ज्याच्या साक्षीने काही उलगडले असते तो प्राध्यापक दामले नाटकभर गैरहजर असतो. न्यायाधीश काशीकर तर एका टप्प्यावर आसन सोडून साक्ष द्यायला येतात. म्हणजे या न्यायालयात वकील, न्यायाधीश, साक्षीदार या भूमिका एकमेकींत सांडलेल्या आहेत. गावातला भाबडा सामंत साक्षीदार म्हणून उभा केला जातो, तेव्हा तो दामले आणि बेणारे यांच्यातला म्हणून जो प्रसंग सांगतो तो त्याच्या हातातल्या लोकप्रिय कादंबरीतून उचललेला असतो, आणि तरी तो पुराव्यात जमा होतो.

सामंताची ती कादंबरी हे नाटकातील विनोदाचे स्थान समजले जाते. प्रयोगात हशाही येतो. परंतु चंद्रपूरच्या निकालपत्राशेजारी ठेवून पाहिले तर हसू ओसरते. प्रियकरासमोर शीलवती दिसू पाहणारी, सवयीची, खोटे बोलणारी मुलगी : हे पात्र न्यायाधीशाला पुराव्यात भेटले नव्हते. ते आधीच तयार होते. सामंताच्या कादंबरीसारखे.

नाटकात आणखी एक गोष्ट आहे. बेणारेच्या पूर्वायुष्यातील मामाचे प्रकरण साक्षीतून बाहेर ओढले जाते, तेव्हा तिचे वय पंधराच्या आसपास असते. १९४९ च्या दुरुस्तीपासून संमतिवय सोळा होते. कायद्याच्या भाषेत पाहिले तर मंचावर उल्लेखिलेला लैंगिक गुन्हा हाच एक होता आणि त्याचा आरोपी मामा होता. न्यायालयातील एकालाही, वकील असलेल्या सुखात्म्यालाही, तो गुन्हा दिसत नाही. तो बेणारेच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला जातो. जिच्यावर गुन्हा झाला ती आरोपी होते, आणि आरोपी होऊनही आरोपीचा हक्काचा वकील तिला मिळत नाही. लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीची जी अवस्था होते तिचे इतके काटेकोर चित्र त्या काळच्या कोणत्याही कायदेविषयक लेखनापेक्षा या नाटकात आहे. खऱ्या खटल्यात ती केवळ साक्षीदार असते; तिच्या वतीने सरकारी वकील बोलतो, पण तो तिचा नसतो, राज्याचा असतो. तिने नेमलेला वकील फार तर त्याला साहाय्य करू शकतो. बलात्कारित स्त्रीला आरंभापासून स्वतंत्र वकिलाचे साहाय्य मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरमच्या निकालात सांगितले. त्यालाही आता तीन दशके झाली.

येथवरच्या विवेचनाचा रोख बचावाच्या वकिलाला दोषमुक्त करण्याकडे आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. पुरावा कायद्याच्या रचनेकडे पाहिले म्हणजे वकिलाचा वाटा स्पष्ट होतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ५४ सांगत होते की, आरोपीचे वाईट चारित्र्य हा संबद्ध पुरावा नव्हे; त्याने स्वतः चांगल्या चारित्र्याचा दावा केला तरच ते काढता येईल. त्याच कायद्याचे कलम १५५ (४) सांगत होते की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान आहे असे दाखवून तिची विश्वसनीयता खोडता येईल. एकाच संहितेत आरोपीचा भूतकाळ झाकलेला आणि साक्षीदार स्त्रीचा उघडा. हे उपकलम १९८३ च्या दुरुस्त्यांतूनही वाचले. ते रद्द झाले २००३ च्या आरंभी. एकशे तीस वर्षे वकिलांनी त्याचा जो वापर केला तो कायद्याने दिलेला होता, एवढे म्हणून त्यांची सुटका होत नाही. १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा उलटतपासणीवर आणि ती मुकाट ऐकणाऱ्या न्यायाधीशांवर कोरडे ओढले होते.

पण कलम ५४ चे संरक्षण तरी सर्व आरोपींना मिळाले काय? येथे धाराशिवचा संदर्भ अपरिहार्य होतो. १९८२ पर्यंत लातूर हा याच जिल्ह्याचा भाग होता, आणि लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनातील धनेगाव लातूर तालुक्यातले. तेथील पोलीस घरात शिरतात ते एखाद्या घडलेल्या गुन्ह्याचा माग काढत नव्हे. जातच गुन्ह्याचा पुरावा असते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. झडती, मारहाण आणि त्यात बायकांची होणारी विटंबना ही त्या कथनातील नित्याची दृश्ये आहेत. दलित व भटक्यांच्या आत्मकथनांची समीक्षा वेदना, विद्रोह, बोलीचे सामर्थ्य या संज्ञांत अडकून राहिली. त्यांतील न्यायव्यवस्थेचे चित्रण संहिता म्हणून वाचले गेले नाही, ही तक्रार येथे नोंदवायला हरकत नाही.

‘सराईत’ आणि ‘सरावलेली’. पहिला शब्द पोलिसांच्या नोंदवहीतला, दुसरा वैद्यकीय दाखल्यातील इंग्रजी संज्ञेचा सरळ मराठी अर्थ. दोहोंमागील कथानक एकच आहे : एकदा केले ते पुन्हा केलेच असणार. आधीचे कृत्य हा स्वभाव, स्वभाव हे कारण, आणि कारण सापडले की आजच्या घटनेची चौकशी अनावश्यक. पारध्याच्या किंवा उचल्याच्या पोराला चोरीत गोवणारे आणि देसाईगंजच्या मुलीला संमतीत गोवणारे तर्कशास्त्र वेगळे नाही. बचावाच्या वकिलीचे मूळ प्रयोजन हे कथानक मोडणे. ‘माझ्या अशिलाने पूर्वी काय केले ते सोडा, त्या रात्री काय घडले ते सिद्ध करा’ हे त्या पेशाचे आद्य वाक्य म्हणता येईल. तोच वकील फिर्यादी स्त्रीसमोर उभा राहतो आणि ‘त्या रात्रीचे सोडा, त्यापूर्वी तुम्ही काय करत होता ते सांगा’ म्हणू लागतो, तेव्हा तो आपल्याच पेशाच्या पायावर कुऱ्हाड घालत असतो. शंका निर्माण करणे हे त्याचे काम. त्यासाठी वेळ, जागा, अंतर, उजेड, फिर्यादीला लागलेला विलंब, पंचनाम्यातील विसंगती, नमुने हाताळण्यातील त्रुटी एवढे साहित्य त्याच्यापाशी असते. त्यास गोष्टीची गरज नसते. देसाईगंजच्या आरोपींनीही गोष्ट सांगितली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्डीकर प्रकरणात एका पोलीस निरीक्षकाविरुद्धच्या तक्रारीत म्हटले की, सैल चारित्र्याची म्हटली जाणारी स्त्रीदेखील आपल्या खासगीपणाच्या संरक्षणाला पात्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून त्या अधिकाऱ्यावरील कारवाई रद्द केली होती. ती पुन्हा उभी राहिली. हे पाऊल पुढचे खरे. तरीही त्या वाक्याने ‘सैल चारित्र्याची’ हे पात्र रद्द केले नाही, फक्त त्या पात्राला संरक्षण दिले. सामंताची कादंबरी बंद झाली नाही. तिच्यातील नायिकेविषयी थोडी सहानुभूती वाढली.

उलट बाजूने, बचावच नको, ही मागणी अलीकडे जोर धरते आहे. एखादे भीषण प्रकरण घडले की स्थानिक वकिलांच्या संघटना आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव करतात. २०१० साली महंमद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाबाह्य ठरवले. ठराव थांबले नाहीत. २०१९ साली हैदराबादजवळील बलात्कार व खुनाच्या प्रकरणात स्थानिक वकिलांनी पाठ फिरवली आणि आठवड्याभरात, ६ डिसेंबरला, चौघेही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली निष्कर्ष काढला की, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून केलेला होता. २०२४ साली बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीने मेला, तेव्हाही जल्लोष झाला. सुखात्म्याची दुसरी भूमिकाच काढून टाकली तर न्यायालय कसे होईल याची तेंडुलकरांना कल्पना करावी लागली नव्हती. आता ती आपल्यालाही करावी लागत नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात लैंगिक गुन्ह्याचा आरोपी पुष्कळदा ऊसतोड करणारा, सालगडी वा बेघर असा, वकिलाची फी न परवडणारा असतो. त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची व्यवस्था आहे. अलीकडे जिल्ह्यांत स्थापन झालेल्या कार्यालयांतील वकिलास ‘लोकअभिरक्षक’ असे नाव मिळाले आहे. शब्द थोडा जड आहे, पण त्यातील ‘लोक’ या पदात आरोपी जसा येतो तशी साक्षीच्या पिंजऱ्यातील बाई येते की नाही, हा प्रश्न ते नाव आपोआप उभा करते.

बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने एक संरचनात्मक बदल केला आहे. कलम ३३ प्रमाणे वकील बालकाला थेट प्रश्न विचारू शकत नाही. प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचा आणि न्यायाधीशाने विचारायचा. आक्रमक प्रश्न व चारित्र्यहनन यांना मनाई आहे. निवेदनशास्त्राच्या दृष्टीने यात वकील आणि साक्षीदार यांच्यामध्ये एक उघड मध्यस्थ आला, जो पूर्वी केवळ लेखनात होता. प्रौढ स्त्रीच्या साक्षीत हा मध्यस्थ अद्याप अदृश्यच राहतो. चारित्र्याविषयीचे प्रश्न कायद्याने २००३ आणि २०१३ या दोन दुरुस्त्यांनी बंद केले, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते बंदच आहेत. परंतु ‘स्वखुशीने गेले होते’ ही सूचना चारित्र्याविषयी नाही, घटनेविषयी आहे, म्हणून ती विचारता येते आणि आली पाहिजे. प्रश्न विचारण्याचा नाही, लिहिण्याचा आहे. न्यायाधीशाला प्रश्नोत्तररूपाने नोंद करण्याची मुभा पूर्वीही होती, आजही आहे. तशी नोंद झाली तर वकिलाचे वाक्य वकिलाच्या नावावर राहील आणि बाईच्या नावावर तिचे एक ‘नाही’ राहील.

प्रत्यक्षात साक्ष संपते तेव्हा लेखनिक तिला कागद वाचून दाखवतो. स्वखुशीने गेले, पैसे मागितले, भावाच्या भीतीने खोटे सांगितले, अशा प्रथमपुरुषी वाक्यांची रांग, प्रत्येकाच्या आधी तेच तीन-चार शब्द. खाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे लिहिलेले असते. त्याखाली ती सही करते, किंवा अंगठा उठवते.